पॉश समितीच्या मेंबरसाठी दोन दिवसांचं ट्रेनिंग केलं, कसं वाटलं ते सविस्तर

चाकणच्या एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत अकाउंट्सला आहे मी आणि दोन वर्षं झाली आमच्या अंतर्गत समितीवर आहे, म्हणजे पॉश कायद्याखाली (कामाच्या ठिकाणी बायकांचा लैंगिक छळ रोखायचा कायदा) तक्रार आली की चौकशी करणारी जी समिती असते ना ती. एचआरने यंदा आम्हा चौघांना पुण्यात शिवाजीनगरला दोन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं, माणशी साडेसहा हजार आणि वर जीएसटी. घेणाऱ्या दोन वकील मॅडम, दोघीही कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या. नाव टाकत नाही कारण मग जाहिरात वाटते, पण कुठलंही पॉश ट्रेनिंग घेताना काय बघायचं ते यातून कळेल म्हणून लिहितेय.

आधी एक सांगते, मी हे ट्रेनिंग इतकं मनापासून का केलं ते. आधीच्या कंपनीतही मी समितीवर होते. तिथे एका मुलीची तक्रार आली, आम्हाला सगळ्यांना ती खरी वाटली, मला आजही वाटते. आम्ही काय केलं, तर त्या माणसाला बोलावलं, तुझं काय म्हणणं आहे ते लिहून दे म्हणालो, दोन साक्षीदारांचे जबाब घेतले पण ते त्याला दाखवलेच नाहीत, आणि आठवड्याभरात रिपोर्ट देऊन मोकळे झालो. त्याला काढलं. तो अपिलात गेला आणि जबाब दाखवले नाहीत, प्रश्न विचारू दिले नाहीत एवढ्या एका मुद्द्यावर आमचा रिपोर्ट रद्द झाला, चौकशी पुन्हा करा असा आदेश आला. तोपर्यंत ती मुलगी नोकरी सोडून गावी गेली होती. मी फोन केला तर म्हणाली, ताई आता परत पहिल्यापासून नाही सांगवणार मला. त्या रिपोर्टवर माझी सही आहे. ते मनातून जात नाही.

तर पहिला दिवस सगळा कायद्याचा. मला भीती होती की कलमांचे आकडे वाचून दाखवतील, पण सुरुवातच मथुरा केसने झाली. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा आणि आताचा गडचिरोली, एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याची केस. सेशन्स कोर्टाने सोडलं, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टाने परत सोडलं, कारण काय तर अंगावर जखमा नाहीत, ओरडली नाही, म्हणजे संमती असणार. त्यावर कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सुप्रीम कोर्टाला उघड पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये पुरावा कायद्यात ११४अ आलं, जे आता नवीन भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १२० आहे. इथे मॅडम थांबल्या आणि विचारलं की या कलमाने नेमकं काय बदललं सांगा. हॉलमधल्या निम्म्या लोकांनी सांगितलं की आता आरोपीनेच स्वतःला निर्दोष सिद्ध करायचं. मीही मनात तेच म्हणत होते.

तर तसं नाहीये. पोलीस कोठडी, सरकारी नोकर, ताबा किंवा अधिकार असलेला माणूस अशा ठरावीक प्रकारांतच ते लागू होतं, आणि तिथेसुद्धा शरीरसंबंध झाला हे आधी सरकारी पक्षालाच सिद्ध करावं लागतं. ते झाल्यावर ती कोर्टात म्हणाली की माझी संमती नव्हती, तर कोर्ट संमती नव्हती असं गृहीत धरून चालतं. बाकी सगळं सिद्ध करायचं ओझं सरकारी पक्षावरच, तेही वाजवी संशयापलीकडे, म्हणजे वाजवी शंका उरायला नको. पोक्सोमध्ये, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या कायद्यात, कलम २९ चं गृहीतक आहे ते जास्त कडक आहे, पण तिथेही मूळ घटना आधी उभी करावी लागते असं कोर्टांनी अनेकदा सांगितलंय. आणि दुसरीकडे, एकट्या पीडितेची साक्ष विश्वासार्ह वाटली तर तेवढ्यावर शिक्षा होऊ शकते, दुसरा साक्षीदार लागतोच असं नाही. तिचा आधीचा लैंगिक इतिहास संमतीच्या मुद्द्यावर काढता येत नाही. या दोन्ही बाजू इतक्या नीट एकाशेजारी ठेवून मला आजपर्यंत कोणी सांगितल्या नव्हत्या. घरी, ऑफिसात, टीव्हीवर जो तो एकच बाजू धरून बसलेला असतो.

मग आमच्या समितीचं. आपल्याकडे वाजवी संशयापलीकडे वगैरे लागत नाही, गोष्ट घडली असण्याची शक्यता जास्त की न घडल्याची, पारडं कुठे झुकतं ते बघायचं. पण मॅडमनी एक वाक्य तीनदा फळ्यावर लिहिलं, पारडं हलकं आहे म्हणून काटा वाकडा चालत नाही. तक्रार आल्यापासून सात दिवसांत (कामाचे दिवस) त्याची प्रत समोरच्याला द्यायची, त्याने कामाच्या दहा दिवसांत उत्तर द्यायचं, सुनावणीला अध्यक्षांसह किमान तीन मेंबर हवेत, वकील कोणालाच नाही, नव्वद दिवसांत चौकशी पूर्ण आणि पुढच्या दहा दिवसांत रिपोर्ट. समितीत त्याला आरोपी म्हणायचंच नाही, रिस्पॉन्डंट म्हणायचं, कागदावर तर अजिबातच नाही. हे मला आधी उगाच वाटलं, पण दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की शब्द बदलला की आपण प्रश्न विचारतो तेही बदलतात.

दुसरा दिवस म्हणजे या ट्रेनिंगचा जीव. सात कागदांची एक फाइल दिली, बनवलेली केस. स्टोअरमधली ट्रेनी मुलगी, सीनियरने रॅकच्या मागे कमरेला हात लावला अशी तक्रार. सीसीटीव्ही फक्त दारावरचा, ती ७:४१ ला आत जाते, ७:४६ ला बाहेर येते. एका हेल्परने काही बघितलं नाही पण ती कूलरजवळ उभी राहून रडत होती हे बघितलं. त्याच रात्री तिने बहिणीला केलेला मेसेज. तक्रार एकोणीस दिवसांनी. त्याचं म्हणणं, स्टॉक कमी भरला म्हणून मी तिला सगळ्यांसमोर झापलं होतं, त्याचा राग काढतेय. आम्हाला वीस मिनिटं दिली.

आमच्या ग्रुपने दहा मिनिटांत दोषी ठरवलं. शेजारच्या ग्रुपने सोडून दिलं, कोणी बघितलंच नाही ना म्हणे. मॅडम दोन्हीकडे आल्या आणि एकच प्रश्न, हे तुम्हाला कागदावर कुठे दिसलं? आम्ही म्हणालो, मुलगी उगाच कशाला सांगेल. त्यांनी पेन्सिलीने आमच्या ओळीखाली रेघ मारली आणि म्हणाल्या, हा तुमचा अंदाज झाला, कागद दाखवा. दुसऱ्या ग्रुपच्या कोणी बघितलं नाही या वाक्याखालीही तशीच रेघ, वर तिच्या मेसेजच्या कागदावर बोट ठेवून विचारलं, मग हे काय आहे?

मग म्हणाल्या कागद नंबर सहा उघडा. तो स्टॉक रजिस्टरचा झेरॉक्स होता, आकड्यांचा, आमच्यातल्या कोणीच वाचला नव्हता, मी अकाउंट्सची असून वाचला नव्हता. त्यात स्टॉक कमी भरल्याची नोंद घटनेच्या चार दिवसांनंतरची होती. म्हणजे ज्या गोष्टीवरून ती राग काढतेय असं तो म्हणतोय ती गोष्ट तोपर्यंत घडलीच नव्हती. पारडं तिथे झुकलं. आणि मॅडमनी विचारलं की हे रजिस्टर फाइलमध्ये आलं कसं? तर त्याला पूर्ण म्हणणं मांडू दिलं, तुझ्याकडे काय कागद आहे तो दे असं सांगितलं, म्हणून त्यानेच आणून दिलं. त्याला पाच मिनिटांत गप्प करून पाठवला असता तर तो कागद कधीच आला नसता. मी तेव्हा जुन्या कंपनीतल्या त्या फाइलचा विचार करत होते, आम्ही त्या माणसाकडून लिहून घेण्यापलीकडे काही विचारलंच नव्हतं, त्यामुळे तिच्या बाजूचं कायकाय राहून गेलं असेल.

नंतर त्यांनी तोच कागद बदलून दिला, आता नोंद घटनेच्या आदल्या दिवशीची. परत ठरवा म्हणाल्या. आता आम्ही सगळे लगेच उलटे फिरलो, तेव्हा त्या ओरडल्याच, अहो झापलेल्या मुलीच्या अंगाला हात लागू शकत नाही का?

एका सरांनी खोट्या तक्रारींचा विषय काढला, काढणारच कोणीतरी. मॅडमनी त्यांना झटकलं नाही हे मला आवडलं. पॉश कायद्याचं कलम १४ सांगितलं, की मुद्दाम, द्वेषाने खोटी तक्रार केली हे चौकशीत सिद्ध झालं तरच तक्रारदारावर कारवाई, निव्वळ पुरावा देता आला नाही म्हणून नाही. सिद्ध झालं नाही आणि खोटं होतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण त्याच दमात हेही सांगितलं की ज्याच्यावर काही सिद्ध झालं नाही त्याला रोज कँटीनमध्ये त्याच लोकांसमोर जेवायचं असतं, म्हणून कलम १६ ची गुप्तता त्याच्यासाठीसुद्धा आहे. आमच्याकडे कोणाचं प्रकरण चालू आहे हे गेटवरच्या वॉचमनला माहीत असतं, तिथेच आपण चुकतो.

गोवा विद्यापीठाची केसही झाली. एका प्राध्यापकांविरुद्ध २००९ च्या तक्रारी, समितीने शेवटी शेवटी घाईघाईने तारखा लावल्या, त्या प्राध्यापकांना बाजू मांडायला नीट वेळ मिळाला नाही, आणि मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते सगळं रद्द करून चौकशी परत पाठवली. चौदा वर्षं! ज्यांनी तक्रार केली होती त्यांचीही चौदा वर्षं गेलीच ना.

आता जे खटकलं ते. स्लाइड सगळ्या इंग्रजीत, आमच्या समितीतली शॉपफ्लोअरवरची मावशी पहिला दिवसभर नुसती बसून होती, मॅडम मराठीत बोलत होत्या म्हणून निभावलं. मराठी हँडआउट दिलं ते कोणीतरी मशीनवर भाषांतर करून छापलेलं, वाचवत नाही. कॉन्ट्रॅक्टवरच्या बायकांचं काय, कॉन्ट्रॅक्टरचा माणूस रिस्पॉन्डंट असेल तर काय, चाकणमध्ये रोजचा प्रश्न आहे हा आणि त्याला पंधरा मिनिटं. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या युनिटसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, ती तर नुसती नावापुरती आली. जेवण ठीक. हॉलचा एसी इतका की शाल लागते, नेलेली बरी.

पैशाचं म्हणाल तर पहिल्या दिवसाचं ऑनलाइनही चाललं असतं, दुसऱ्या दिवसासाठी मी साडेसहा हजार पुन्हा एकदा भरीन. फक्त दुसरा दिवस वेगळा देता का विचारलं तर सध्या नाही म्हणाले. बुक करताना हे नक्की विचारा की फाइलवर काम करायला देणार का, नुसतं लेक्चर असेल तर जाऊ नका. समितीतले सगळे एकत्र जा, आणि समितीत कंपनीबाहेरची एक मेंबर असते तिलाही न्या, आमच्या आल्या नाहीत, आता त्यांना सगळं परत सांगावं लागतंय. परत आल्यावर आम्ही रिस्पॉन्डंटला द्यायच्या पत्राचा मराठी नमुना बनवायला घेतलाय, साक्षीदारांचे जबाब सोबत जोडले आहेत अशी ओळ त्यात घातली. मावशीने वाचून पाहिलं आणि म्हणाली, हे कळतंय.