जळगावचे अठरा की पुण्याचे एकोणतीस?

मेकॅनिकल झालेल्या मावसभावाने परवा दोन ऑफर पुढ्यात टाकल्या. "सांग ना दादा, कोणती घेऊ?" एक जळगाव एमआयडीसीत, पाइपच्या प्लांटवर मेंटेनन्सला, हातात १८ हजार. दुसरी पुण्यात, साडेतीन लाखांचं पॅकेज.

म्हटलं, भो, पॅकेजला बाराने भागून खूश होऊ नको. २९ हजार दिसतात खरे. पण बेसिक १५ हजार धरलं, तर पीएफचे १,८०० तुझे, १,८०० कंपनीचे (तेही तुझ्याच पॅकेजमधले), ग्रॅच्युइटीचे सातशे, व्यवसाय कर २००. हातात येतात साडेचोवीस. त्यातून कॉट बेसिसचे (खोलीतल्या एका खाटेचं भाडं) साडेपाच, मेसचे साडेतीन, जाण्यायेण्याचे दीड हजार गेले की चौदा उरतात. जळगावात पेट्रोलचे दोन आणि घरी चार दिले तरी बारा उरतात, वर आईच्या हातची कळण्याची भाकरी. अर्थात हे त्याचं घर जळगावात आहे म्हणून. नंदुरबारहून येऊन खोली घेणाऱ्याने पुण्याचीच गाडी धरावी.

भाड्यातला फरक सरकारनेही मान्य केलाय. रेल्वेतल्या ज्युनिअर इंजिनिअरचं मूळ वेतन भुसावळ असो की पुणे, ३५,४०० पासूनच सुरू होतं. घरभाडे भत्ता मात्र पुण्यात मूळ वेतनाच्या ३० टक्के म्हणजे १०,६२०, भुसावळला १० टक्के म्हणजे ३,५४०. खाजगीत असं कोणी तोलून देत नाही.

काम कुठे शिकशील म्हणशील, तर पहिली दोन वर्षं जळगावातच. मी केलंय. लाइट गेली की मशीनच्या बॅरलमधलं, म्हणजे तापत्या नळीतलं पीव्हीसी जळतं. मग रात्री दोनला डाय (पाइपला आकार देणारा साचा) उघडून पितळेच्या पट्टीने खरवडत बसायचं. मशीन आतून कळतं ते असं. पण पाचव्या वर्षी पगारवाढ मागायला गेलो, तर मालकाला ठाऊक होतं की मी फार तर शेजारच्या गेटवर जाईन. पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यांत तसं नाही, तिथे नोकरी बदलली की पगार हलतो. म्हणून दोन वर्षं इथे काढ आणि तिसऱ्या वर्षी सरळ महाराष्ट्र एक्सप्रेसचं तिकीट काढ, असं माझं मत. दिवाळीला परतताना वेटिंग मिळेल, ती वेगळी कटकट.

फक्त जळगावला हो म्हणण्याआधी गेटसमोरच्या चहावाल्याला विचार, गेल्या महिन्याचा पगार किती तारखेला झाला.