सीएसआरचं काम गावात कोणामार्फत घ्यावं: ग्रामपंचायत की संस्था?

जवळच्या कारखान्याने सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चातून, पाणी शुद्धीकरण यंत्र देऊ केलं, की सरपंचांपुढे पहिला प्रश्न हाच येतो.

कंपनीला बहुधा स्वयंसेवी संस्थाच हवी असते. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार पात्र कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम खर्चावी लागते, म्हणून मार्चअखेर घाई असते. संस्थेकडे सीएसआर-1 (सीएसआरची कामं घेण्यासाठी लागणारी सरकारी) नोंदणी, माणसं, लेखापरीक्षण सगळं तयार असतं. पंचायतीत ठराव, अंदाजपत्रक, दरपत्रकं, मोजमाप पुस्तिका आणि मग बिल. वेगात संस्था पुढे, यात वाद नाही.

पण संस्थेचा करार कंपनीशी असतो, गावाशी नाही. करार संपतो, संस्था निघून जाते. मग यंत्राची जाळी बदलायची कोणी? वीजमीटर कोणाच्या नावावर? बिल थकलं की जोडणी तुटते आणि फित कापलेल्या खोलीला कुलूप लागतं. पंचायत मात्र गावातच राहते. तिला माहितीचा अधिकार लागू आहे, वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, तिथे कोणीही उभं राहून हिशेब विचारू शकतो.

अर्थात ग्रामसभा खरी भरत असेल तर. जिथे सह्या घरोघरी फिरवून घेतल्या जातात आणि नळ सरपंचांच्या आळीपुरताच येतो, तिथे पंचायतीच्या हाती पैसा देणं म्हणजे वस्तीवरच्या लोकांवर अन्याय आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावात निर्णय सर्वसहमतीने होतात. तशी शिस्त असलेल्या गावाने बिनधास्त पुढाकार घ्यावा.

माझं मत स्पष्ट आहे. शिवणवर्ग, आरोग्य शिबिर अशी कामं संस्थेला द्या. यंत्र, टाकी, इमारत उभी राहणार असेल तर बांधकाम संस्थेने करावं, पण मालकी पंचायतीची ठेवा. सीएसआरच्या नियमांत तशी सोय आहे. देखरेखीला ग्रामसभेने निवडलेली समिती नेमा, तिच्यात बचत गटाच्या बाया हव्यातच, कारण पाणी भरतात त्याच. कंपनीकडे आग्रह धरा, की हे काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून दाखवा. तसं केलं तर सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत खर्च करता येतो, आणि देखभालही त्यात बसवता येते. पाण्याच्या कॅनचा दर, दुरुस्तीचं खातं आणि मीटर कोणाच्या नावावर, हे सही करण्याआधी ठरावात लिहून घ्या.