अणू-प्रतिकृती संच: समस्थानिकांसाठी उत्तम, पण न्यूट्रॉन कमी

यवतमाळ, वर्धा भागातल्या शालेय साहित्याच्या दुकानांत मिळणारा हा संच आठवी-नववीसाठी घेण्याजोगा आहे. चार वर्तुळाकार खाचांची पाटी. लाल प्रोटॉन, पांढरे न्यूट्रॉन आणि बारीक निळे इलेक्ट्रॉन, प्रत्येकी २० मणी.

खरी मजा समस्थानिकांत, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या, प्रोटॉन तेवढेच पण न्यूट्रॉन कमीजास्त असलेल्या अणूंत. केंद्राच्या वाटीत ६ लाल, ६ पांढरे मणी ठेवले की कार्बन-१२. आता फक्त २ पांढरे वाढवा, झाला कार्बन-१४. निळ्यांना हात लावायचा नाही. रासायनिक गुणधर्म इलेक्ट्रॉनांवर ठरतात; ते का बदलत नाहीत, हे पोरांना तिथंच दिसतं. उलट एक लाल वाढवला की मूलद्रव्यच बदलून नायट्रोजन होतं. बरेच जण इथंच गडबडतात, म्हणून हा प्रयोग मुद्दाम करून घ्या.

क्लोरीन-३७ ला २० न्यूट्रॉन जेमतेम पुरतात. अरगॉन-४० ला मात्र २२ लागतात, तिथं संच अपुरा पडतो. दोन तुरीचे दाणे चुन्यानं रंगवून वापरा.

माहितीपत्रकात क्लोरीनचा अणुवस्तुमानांक ३५.५ छापलाय, तो खोडाच. अणुवस्तुमानांक म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची एकूण संख्या, तो नेहमी पूर्णांक असतो; ३५.५ ही क्लोरीन-३५ आणि ३७ यांच्या साधारण ३:१ प्रमाणातून येणारी सरासरी.

पाटीवरचं अंतर खरं मानू नका. केंद्रक एक सेंटिमीटरचं धरलं, तर अणूचा पसारा किलोमीटरभर, म्हणजे गावाच्या शिवेपार जाईल.

वाटी डिंकानं चिकटवलेली आहे, मे महिन्याच्या उन्हात सुटते. स्क्रूनं आवळून घ्या.