‘दबतं’ म्हणजे नक्की काय? संपीड्यतेचा बोलण्यातला अर्थ घ्यायचा की फिजिक्समधला

रबर आणि पाणी, यात जास्त कॉम्प्रेसिबल (संपीड्य, म्हणजे दाबल्यावर आक्रसणारं) कोण? बहुतेक जण पटकन रबर म्हणतात, मीपण बरेच दिवस तेच धरून चाललो होतो. पण भरीव रबर आणि पाणी या बाबतीत जवळपास सारखेच आहेत!

खोडरबर दोन बोटांत दाबून नीट बघा. वरून चपटं होतं आणि त्याच वेळी बाजूने फुगतं, म्हणजे आकार बदलला, आकारमान जवळजवळ तेवढंच राहिलं. बोलताना आपण याला ‘दबलं’ म्हणतो, आणि त्यात मऊपणा, लवचिकपणा, कोंबता येणं सगळं एकत्र येतं. फिजिक्स मात्र एवढंच विचारतं की चारी बाजूंनी दाब वाढवला तर आकारमान किती टक्क्यांनी घटतं.

बिनसुईची सिरिंज घ्या, हवा भरा, तोंडावर बोट घट्ट धरा आणि दांडा दाबा, बराच आत जातो आणि सोडला की मागे येतो. आता तेच पाणी भरून करा, बुडबुडा राहू देऊ नका, दांडा हलतच नाही. तापमान तेच ठेवून दाब दुप्पट केला तर हवेचं आकारमान निम्मं होतं, पाण्याचं मात्र एक वातावरण (म्हणजे समुद्रसपाटीवर हवेचा असतो तेवढा) जादा दाबाने साधारण 0.005 टक्केच घटतं. म्हणूनच ब्रेक ऑइलमध्ये हवा शिरली की पेडल स्पंजसारखं लागतं, कारण पायाचा जोर हवा दाबण्यातच जातो. पण पाणी अजिबात दबत नाही असंही नाही हां, जॉन कँटन या इंग्लिश शास्त्रज्ञाने 1762 मध्येच ते दाखवून दिलं, आणि समुद्रात 4 किलोमीटर खाली पाणी जवळपास पावणेदोन टक्के आक्रसलेलं असतं.

मग कुठला अर्थ कधी? बॅगेत कपडे कोंबायचे असतील, उशी किंवा स्पंज निवडायचा असेल तर बोलण्यातला अर्थ बिनधास्त वापरा. तिथे धागा दबत नाही, मधली हवा बाहेर जाते, पण आपल्याला जागा वाचण्याशी मतलब. बंद जागेतला द्रव किंवा वायू, हायड्रॉलिक्स, आवाजाचा वेग असं काही असेल तर मात्र फिजिक्सचाच घ्या, नाहीतर उत्तर चुकणारच.

आणि एक, वाहत्या हवेचं गणित करताना वेग आवाजाच्या वेगाच्या 0.3 पटीपेक्षा कमी असेल तर इंजिनिअर लोक हवेलाही ‘न दबणारी’ धरतात, कारण तेवढ्यात घनता 5 टक्क्यांहून कमी बदलते.