तिसरा किलोवॅट खरेच हवा होता का?

साताऱ्यातील आमच्या गच्चीवर 540 वॅटची सहा सौर पॅनेल, म्हणजे तीन किलोवॅटहून थोडा मोठा संच, बसवल्याला नुकतेच वर्ष झाले. एकूण खर्च 1 लाख 95 हजार रुपये आला. पंतप्रधान सूर्यघर योजनेचे 78 हजारांचे अनुदान खात्यात जमा झाल्यावर पदरचे 1 लाख 17 हजार गेले. पूर्वी महिन्याला सरासरी 260 युनिटांचे 2,800 रुपयांच्या आसपास बिल येत असे, ते आता स्थिर आकार धरून दोनशेच्या आत आले आहे. पावणेचार वर्षांत पैसे वसूल होतील, असे बसवणाऱ्याने सांगितले होते. मात्र हीच रक्कम मुदत ठेवीत ठेवली असती तर मिळाले असते ते व्याज वजा केले, तर हा काळ पाच वर्षांच्या जवळ जातो. तरीही सौदा फायद्याचाच आहे.

चूक झाली ती आकारमानात. एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरले, तर आमची गरज दोन किलोवॅटमध्ये जवळजवळ भागत होती. शिवाय अनुदान पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30 हजार आणि तिसऱ्याला केवळ 18 हजार आहे. वर्षभरात शिल्लक राहून वीज कंपनीकडे गेलेल्या हजारेक युनिटांचा हिशेब मार्चअखेर झाला, तेव्हा त्यांना मिळालेला दर आपण विजेला मोजतो त्यापेक्षा कितीतरी कमी होता. घरात एसी किंवा विजेची शेगडी यायची असेल तर गोष्ट वेगळी. आमच्याकडे तूर्त दोन्ही नाही.

बसवणाऱ्याच्या तक्त्यात बाराही महिने सारखेच उत्पादन दाखवले होते. प्रत्यक्षात एप्रिलमध्ये दिवसाला चौदा युनिट देणारा हा संच जुलैच्या झडीत चारावर आला. त्यातच पाण्याच्या टाकीची सावली दुपारी चारनंतर कडेच्या पॅनेलवर पडते आणि एकाच साखळीत जोडलेल्या बाकीच्या पॅनेलांनाही मागे खेचते. जागा पाहायला आलेला माणूस सकाळी अकराला येऊन गेला होता, त्याला ती सावली दिसणार कशी?

आणखी एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. वीज गेली की भर उन्हातही हा संच बंद पडतो, कारण संचाची वीज बाहेरच्या तारांत जाऊन तिथे काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाला धोका नको म्हणून पॅनेलची वीज घरच्या वापरायोग्य करणारा सौर इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. त्यामुळे जुना बॅटरीवाला इन्व्हर्टर जिन्याखाली अजून आहे तसाच आहे.

शेजारच्या काकूंनी विचारले तेव्हा मी आधी त्यांचे बिल मागून घेतले. महिन्याला 85 युनिट, तेही सर्वांत स्वस्त टप्प्यातले. त्यांना मी तूर्त थांबायला सांगितले.