एमआरआय कॉन्ट्रास्टचे विरघळणारे नॅनोकण: पीएलजीए घ्यावं की लोह?

एम.फार्म.चा प्रकल्प एमआरआय कॉन्ट्रास्टवर, म्हणजे स्कॅनच्या चित्रात अवयव ठळक दिसावेत म्हणून देतात त्या औषधावर, करायचा ठरला की दोन वाटा समोर येतात: पीएलजीए या शरीरात विरघळणाऱ्या प्लॅस्टिकसारख्या पॉलिमरच्या कणांत गॅडोलिनियम हा धातू भरायचा, नाहीतर आयर्न ऑक्साइडचेच कण बनवायचे. दोन्ही ‘जैवविघटनशील’ म्हणवतात. निवडण्याआधी एवढंच तपासा: चित्रात दिसणारा धातू शेवटी जातो कुठे?

पीएलजीए पाण्याने तुटतो, त्याचं लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल होतं आणि शरीर ते पचवून टाकतं. पण एमआरआयमध्ये पीएलजीए दिसतच नाही. दिसतं ते गॅडोलिनियम, आणि ते मूलद्रव्य असल्याने तुटायचा प्रश्नच नाही. साध्या इंजेक्शनातलं गॅडोलिनियम निरोगी मूत्रपिंडं दोनेक तासांत निम्मं बाहेर टाकतात; कणात भरलं की तेच यकृतात आणि प्लीहेत मुक्काम ठोकतं. किडनी निकामी असलेल्या रुग्णांची कातडी दगडासारखी घट्ट करणाऱ्या आजाराशी गॅडोलिनियमचा संबंध २००६ मध्ये उघड झाला. २०१७ मध्ये युरोपने शिरेतून द्यायची सरळ साखळीची बरीच गॅडोलिनियम औषधं थांबवली. त्यामुळे हीच वाट धरायची तर धातूला घट्ट धरून ठेवणारं मॅक्रोसायक्लिक (कड्यासारख्या रचनेचं) संयुगच घ्या.

लोहाचा हिशोब सरळ आहे. यकृतातल्या पेशी कण गिळतात, लोह सुटतं, साठ्यात जातं आणि पुढे हिमोग्लोबिनमध्ये लागतं. फेरुमॉक्सिटॉल या आयर्न ऑक्साइड कणांच्या इंजेक्शनला अमेरिकेत २००९ मध्ये मान्यता मिळाली ती किडनीच्या रुग्णांच्या ॲनिमियासाठी. कॉन्ट्रास्ट म्हणून डॉक्टर ते नंतर वापरू लागले. तीव्र ॲलर्जीमुळे २०१५ मध्ये त्यावर ठळक इशारा आला, हेही प्रबंधात लिहा. दुसरी अडचण चित्राची: लोहाने बहुधा काळा डाग उमटतो, आणि जुना रक्तस्रावही तसाच काळा दिसतो.

विदर्भात आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. इथे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत आणि वारंवार रक्त चढवल्याने काहींच्या अंगात आधीच लोह साठलेलं असतं. रक्ताच्या एका पिशवीतून दोनशे-अडीचशे मिलीग्रॅम लोह जातं. स्कॅनचा डोसही साधारण तेवढाच. अशा रुग्णाला लोहाचा कण नको.

प्रयोगशाळेत लोह सोपं. फेरिक आणि फेरस क्लोराइडच्या २:१ द्रावणात अमोनिया पडताच सगळं काळंभोर होतं. बाटलीला चुंबक लावला की गाळ त्या बाजूला सरकतो. खरी मेहनत आकार एकसारखा ठेवण्यात आणि डेक्स्ट्रानचा (साखरेच्या साखळीचा) लेप बसवण्यात आहे. पीएलजीएला नागपूरचा मे महिना सोसत नाही: तो पंचेचाळीस अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो, तेवढा पारा इथे दुपारी चढतोच. पावसाळ्यात दमट हवेने तो बाटलीतच तुटू लागतो. फ्रीज आणि सिलिका जेल हवंच.

एका वर्षात काम संपवायचं असेल तर मी लोहच घ्यायला सांगेन. पीएलजीएच घेतलात तर रोज झायलेनॉल ऑरेंज या मोकळा धातू भेटला की रंग बदलणाऱ्या द्रव्याची चाचणी लावा: आम्लधर्मी बफरमध्ये पिवळा रंग जांभळट झाला, की गॅडोलिनियम मोकळं सुटतंय.