तळाला 'कांगशी' लिहिलंय, पण बरणी कुठल्या काळातली?

निळ्या-पांढऱ्या चिनी पोर्सिलेनची झाकणाची बरणी, तळाला कांगशी बादशहाच्या नावाचा चार अक्षरी शिक्का. अशी वस्तू विकायला येते तेव्हा ती बहुधा तीनपैकी एका काळातली असते: खुद्द कांगशीच्या राजवटीतली (१६६२–१७२२), नंतरच्या ग्वांगशू बादशहाच्या काळातली (१८७५–१९०८), नाहीतर जिंगदेझेन या चीनमधल्या पोर्सिलेनच्या गावात अलीकडे भाजलेली.

शिक्क्यावर सगळ्यात कमी विसंबा. १६७७ मध्ये स्थानिक अधिकाऱ्याने बादशहाचं नाव भांड्यांवर घालायला बंदी केली. त्यामुळे अस्सल कांगशी भांड्यांच्या तळाला बरेचदा रिकामं दुहेरी वर्तुळ, एखादं पान किंवा आधीच्या मिंग घराण्यातल्या छंगह्वा बादशहाचा शिक्का सापडतो. चार अक्षरी 'कांगशी' मात्र ग्वांगशूच्या काळात सर्रास घातलं जाई. म्हणजे हा शिक्का दिसला की माझा पहिला अंदाज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा असतो.

निळा रंग भिंगाखाली बघा. चांगल्या कांगशी कामात एकाच खडकाच्या चित्रात फिक्या-गडद निळ्याचे थर एकावर एक चढलेले दिसतात. ग्वांगशूच्या बरणीत रेषा आखून आत सपाट रंग भरलेला जास्त आढळतो. निळ्यात छपाईचे ठिपके दिसले, तर बरणी तिथेच खाली ठेवा.

खरी परीक्षा पायाच्या कडेची. तिथे झिलई नसते, माती उघडी असते. कांगशी भांड्याची ही कड बारीक कणांची आणि बोटाला गुळगुळीत लागते. झिलई जिथे संपते तिथे बरेचदा तांबूस रेघ असते. ग्वांगशूची कड बहुधा जरा खरबरीत. नकली जुनेपणासाठी कडेला चहा किंवा पॉलिश चोळतात आणि आम्लाने झिलईची चमक मारतात. ओल्या कापसाने कड पुसून बघा, रंग उतरला तर प्रश्न मिटला. वापराचे ओरखडेही तपासा: खरे वेडेवाकडे आणि कमी-जास्त खोल असतात, सँडपेपरने घासलेले एका दिशेने जातात.

थर्मोल्युमिनेसन्स चाचणी भांडं शेवटचं कधी तापलं ते सांगते, पण तिच्यासाठी भांड्याला बारीक भोक पाडावं लागतं. महागड्या वस्तूसाठीच ती परवडते.

हात बसवायचा तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातला टाटांच्या संग्रहातला चिनी विभाग बघा. काच मध्ये असली, तरी रंगाचे थर नीट कळतात.

नवख्याने काय घ्यावं? कांगशीच हवं असेल, तर शिक्क्याच्या बरणीपेक्षा वुंग ताऊ जहाजाच्या मालातली छोटी वाटी. साधारण १६९० च्या सुमारास बुडालेल्या त्या जहाजातला माल क्रिस्टीज या लिलावसंस्थेने १९९२ मध्ये ॲम्स्टरडॅमला विकला. समुद्राने झिलई निस्तेज झाली असेल, पण वाटी आली कुठून हे ठाऊक असतं. नुसत्या चिकटवलेल्या लेबलावर भागवू नका, खरेदीची पावती मागा. मोठी, देखणी बरणीच हवी असेल, तर ग्वांगशूची ग्वांगशूच्याच भावाने घ्या. मात्र विक्रेता बिलावर काळ लिहून द्यायला तयार नसेल, तर घेऊ नका.